झेड म्हणायचं की झी? परदेशी निघालेल्यांसाठी इंग्रजी उच्चारांची कामापुरती तयारी

ऑनसाइट जाणारे, शिकायला जाणारे, मुलाच्या घरी सहा महिने राहायला जाणारे, बहुतेकांचं इंग्रजी तसं ठीक असतं. मेल लिहिता येते, मीटिंग निभावते, दुकानात काम होतं. अडतं ते फोनवर. विमा कंपनीतला माणूस आडनावाचं स्पेलिंग विचारतो, गाडीचा नंबर विचारतो, पोस्टकोड विचारतो. आपण सावकाश सांगतो आणि तो भलतंच काहीतरी वाचून दाखवतो. पूर्ण वाक्य असेल तर ऐकणारा मागच्यापुढच्या शब्दांवरून सावरून घेतो. सुटं अक्षर, सुटा आकडा आणि विशेषनाम यांना मागचंपुढचं काहीच नसतं, म्हणून घोळ तिथेच होतो. या लेखात ‘ॲक्सेंट सुधारा’ असला उपदेश नाही. एका उच्चारावरून काम अडतं अशा जागा कोणत्या आणि त्या कोणत्या क्रमाने हाताळाव्यात, एवढंच सांगतो.

पायरी १ : आपण कोणत्या घरात चाललोय ते ठरवा

आपण शाळेत शिकलो ते इंग्रजी ब्रिटिश वळणाचं. ब्रिटन, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड एका घरातले, अमेरिका वेगळ्या घरातली. कॅनडा मधोमध: बोलण्याचा सूर अमेरिकन, पण अक्षरांची नावं आणि बरीचशी स्पेलिंगं ब्रिटिश.

आणखी एक रेघ ‘र’ची. इंग्लंडच्या बहुतेक भागांत, ऑस्ट्रेलियात आणि न्यूझीलंडमध्ये स्वरानंतरचा ‘र’ गिळतात. ‘कार’चं ‘काऽ’ होतं. अमेरिका, कॅनडा, आयर्लंड आणि स्कॉटलंडमध्ये तो स्पष्ट ऐकू येतो. आपला मराठी ‘र’ तर स्कॉटलंडमध्ये अगदी खपून जातो. लंडनला गेलात म्हणून ‘र’ गाळायच्या भानगडीत पडू नका. ‘र’ म्हटल्यामुळे कुणाचा गैरसमज होत नाही. फक्त समोरचा तो म्हणणार नाही, एवढी कानाला सवय हवी.

पायरी २ : अक्षरं पक्की करा

सगळ्यात आधी हे करा, विमानात बसण्यापूर्वीच. ब्रिटन आणि कॅनडात याची गरज जास्त, कारण तिथल्या पोस्टकोडमध्ये अक्षरं आणि आकडे मिसळलेले असतात. अमेरिकेचा झिप कोड नुसत्या आकड्यांचा, त्यामुळे तिथे कोडपुरती सुटका होते. आडनाव मात्र सुटत नाही.

‘झेड’ची गोष्ट बहुतेकांना ठाऊक असते. अमेरिकेत ‘झी’, बाकी जवळजवळ सगळीकडे ‘झेड’. कॅनडात रीतसर ‘झेड’च, पण अमेरिकन टीव्ही बघून वाढलेली मुलं ‘झी’ म्हणतात आणि त्यावर कुणी भुवया उंचावत नाही. अमेरिकेत ‘झेड’ म्हणणं चूक नाही, मात्र काउंटरवरच्या माणसाने तो शब्द कधी ऐकलेलाच नसेल हे शक्य आहे. म्हणून तिथे ‘झी’च म्हणा. दवाखान्यातही ते कानावर पडेल: ॲझिथ्रोमायसिनच्या गोळ्यांच्या पाकिटाला तिथे सर्रास ‘झी-पॅक’ म्हणतात. ‘झी’ची अडचण अशी की फोनवर तो ‘सी’सारखा ऐकू येतो. त्यामुळे पुढे झेब्राची जोड द्यावी लागते, आणि झेब्राही तिथे ‘झीब्रा’ असतो. ब्रिटनमध्ये ‘झेब्रा’.

मराठी माणसाला इथे एक सोय आहे. ‘माझा’मधला ‘झ’ आपल्याकडे जन्मापासून असतो, तोच हा आवाज. हिंदीच्या सवयीने त्याचा ‘ज’ करू नका.

‘एच’ला आयर्लंडमध्ये ‘हेच’ म्हणतात. तिथल्या सरकारी आरोग्यसेवेचं नाव एचएसई, डब्लिनमध्ये ते ‘हेच-एस-ई’ ऐकू येईल. उत्तर आयर्लंडमध्ये मात्र हा प्रश्न नाजूक. ‘हेच’ म्हणणारा कॅथलिक आणि ‘एच’ म्हणणारा प्रॉटेस्टंट, असा अंदाज तिथे पिढ्यान् पिढ्या बांधला गेला आहे. बाहेरून आलेल्याने आपला ‘एच’ म्हणावा आणि पुढे जावं. आयरिश लोक ‘आर’लाही ‘ऑर’ म्हणतात. स्कॉटलंडमध्ये जुन्या पिढीच्या तोंडी ‘जे’चा ‘जाय’ होतो; फोनवर तो ‘वाय’ वाटू शकतो.

ऑस्ट्रेलियात खरी परीक्षा ‘ए’ची. त्यांचा ‘ए’ आपल्या कानाला ‘आय’च्या जवळचा लागतो, ‘टुडे’ ‘टुडाय’ वाटतो. त्यांनी स्पेलिंग सांगितलं आणि ‘आय’ ऐकू आला, तर लिहिण्याआधी एकदा विचारून घ्या.

आता आपल्याकडून होणारा घोळ. दोन अक्षरांच्या जोड्या घातक आहेत.

पहिली ‘पी’ आणि ‘बी’. शब्दाच्या सुरुवातीचा इंग्रजी ‘पी’ हवा सोडत येतो. आपला ‘प’ कोरडा असतो, म्हणून तिकडच्या कानाला तो ‘बी’ वाटतो. तोंडासमोर तळहात धरा आणि ‘पी’ म्हणा. हाताला हवेचा झोत लागला पाहिजे. ‘फळ’ म्हणताना दोन्ही ओठ मिटून जो खरा ‘फ’ काढतात, त्याच्या जवळपास जायचंय. ‘टी’ आणि ‘के’चंही तेच: शब्दाच्या सुरुवातीला ‘ठ’ आणि ‘ख’कडे झुकलेले चालतात. वर्गात हसू येईल, फोनवर काम होईल.

दुसरी ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’. अक्षरांची नावं वेगळी असल्यामुळे स्पेलिंग सांगताना अडचण कमी. शब्दांत मात्र आपण दोन्हीला एकच ‘व’ वापरतो. गंमत म्हणजे मराठी लेखनाने हा फरक केव्हाच सोडवलाय. आपण ‘व्हॅन’, ‘व्हिडिओ’ लिहितो आणि ‘वायर’, ‘वॉर्ड’ लिहितो. जिथे ‘व्ह’ लिहाल तिथे वरचे दात खालच्या ओठाला टेकवा. जिथे नुसता ‘व’ लिहाल तिथे ‘उ’ म्हणत असल्यासारखे ओठ गोल करा. दहा मिनिटांचा सराव पुरतो.

‘वझे’ आडनावाच्या माणसाला ‘व’चा आणि ‘झ’चा असे दोन्ही घोळ एकाच वेळी भोगावे लागतात. त्याने अक्षरांना शब्द जोडून सांगायची पद्धत शिकलीच पाहिजे. खरं तर सगळ्यांनीच शिकावी. पण ‘एन फॉर नाशिक’, ‘पी फॉर पुणे’ तिकडे कुचकामी, कारण समोरच्याला पुण्याचं स्पेलिंगच ठाऊक नसतं. वैमानिकांची आंतरराष्ट्रीय शब्दमाला पाठ करा: अल्फा, ब्राव्हो, चार्ली, डेल्टा, एको, फॉक्सट्रॉट, गोल्फ, हॉटेल, इंडिया, ज्युलिएट, किलो, लिमा, माइक, नोव्हेंबर, ऑस्कर, पापा, क्विबेक, रोमिओ, सिएरा, टँगो, युनिफॉर्म, व्हिक्टर, व्हिस्की, एक्स-रे, यँकी, झुलू. ही १९५६ पासून वापरात आहे आणि वेगवेगळ्या भाषांच्या लोकांना गोंगाटातही कळावी म्हणूनच बनवलेली आहे. वझे म्हणजे ‘व्हिक्टर, अल्फा, झुलू, एको’. सगळी पाठ होत नसेल तर निदान स्वतःच्या नावाची, आडनावाची आणि रस्त्याच्या नावाची अक्षरं कागदावर लिहून फोनजवळ ठेवा. ब्रिटनमध्ये ‘व्ही फॉर व्हिक्टर’ म्हणतात. अमेरिकेत ‘फॉर’ऐवजी ‘ॲज इन’ जास्त चालतं.

पायरी ३ : आकडे

‘डबल थ्री’, ‘ट्रिपल सेव्हन’ ही आपली सवय ब्रिटन, आयर्लंड आणि ऑस्ट्रेलियात चालते. अमेरिकन माणूस मात्र क्षणभर थांबतो. तिथे एकेक आकडा सुटा सांगा. शून्याला ब्रिटिश फोन नंबरात ‘ओ’ म्हणतात. पोस्टकोडमध्ये खरोखरचा ‘ओ’ही येऊ शकतो, म्हणून तुम्ही ‘झिरो’च म्हणा.

थर्टीन आणि थर्टी, फिफ्टीन आणि फिफ्टी यांत फरक जोर कुठे दिलाय त्यावर कळतो: तेराला शेवटी जोर, तिसाला सुरुवातीला. तरी खात्री वाटत नसेल तर ‘वन थ्री’ म्हणा. अमेरिकन ‘थर्टी’ ‘थर्डी’सारखा आणि ‘ट्वेंटी’ ‘ट्वेनी’सारखा लागतो, त्याने गोंधळू नका. न्यूझीलंडमध्ये ‘सिक्स’ ‘सक्स’च्या जवळ जातो आणि ‘टेन’ ‘टिन’सारखा ऐकू येतो, तिथे पेन मागितलं तर टाचणी मिळण्याची भीती खरीच आहे, कारण त्यांचा ‘पेन’ आपल्या ‘पिन’ला खेटून असतो.

पायरी ४ : गाड्यांची नावं

गाडी घेताना, विमा काढताना, सहकाऱ्यांशी गप्पा मारताना हा विषय रोज निघतो, आणि ‘बरोबर उच्चार कोणता’ यावर जितके वाद इथे होतात तितके कुठे होत नसतील. माझं मत सरळ आहे. ज्या देशात उभे आहात तिथला शोरूमवाला जे म्हणतो ते म्हणा. मूळ देशातला उच्चार माहीत असावा, पण त्यावरून काउंटरवर शिकवणी घेऊ नये.

जॅग्वार घ्या. ब्रिटनमध्ये ती ‘जॅग्युअर’, तीन तुकड्यांत. अमेरिकेत ‘जॅग्वार’. २००८ पासून ही कंपनी टाटांची, म्हणून पुण्यातल्या माणसाला तिच्याबद्दल थोडी आपुलकी असते, आणि आपण मराठीत लिहितो ते नेमकं अमेरिकन वळणाचं.

ह्युंदाईचे तर तीन-चार अवतार आहेत. कोरियन उच्चार साधारण ‘ह्यन्-दे’. अमेरिकेत त्याचं ‘हन्डे’ झालं, ‘संडे’शी यमक जुळणारं. ब्रिटनमध्ये वर्षानुवर्षं ‘हाय-उन-डाय’ म्हणायचे. शेवटी २०२३ मध्ये कंपनीनेच तिथे जाहिरात करून कोरियन वळणाचा उच्चार रुजवायला घेतला. लोक लगेच बदलत नाहीत, तेव्हा दोन्ही ऐकू येतील.

निस्सान आणि माझ्दा यांच्यात एक नियम लपलाय आणि तो फार उपयोगी आहे. परक्या भाषेतून आलेल्या शब्दातला ‘ए’ ब्रिटिश माणूस ‘ॲ’ करतो आणि अमेरिकन ‘आ’ करतो. म्हणून ब्रिटनमध्ये ‘निसॅन’, ‘मॅझ्दा’ आणि जेवायला ‘पॅस्टा’. अमेरिकेत ‘नीसान’, ‘माझ्दा’ आणि ‘पास्ता’. घरच्या जुन्या इंग्रजी शब्दांत हे नेमकं उलटं होतं: लंडनचा ‘बाथ’, ‘आस्क’, ‘कान्ट’ अमेरिकेत ‘बॅथ’, ‘ॲस्क’, ‘कॅन्ट’ होतो. इंग्लंडच्या उत्तरेला, म्हणजे निस्सानचा कारखाना आहे त्या संडरलंडकडे, ‘बाथ’सुद्धा आखूड ‘बॅथ’च असतो. हा एक नियम डोक्यात बसला की निम्मे शब्द आपोआप उलगडतात.

जर्मन गाड्यांना जर्मन अक्षरांचे नियम लागतात. तिकडे व्ही म्हणजे ‘फ’ आणि डब्ल्यू म्हणजे ‘व्ह’, त्यामुळे चाकणला जिला आपण ‘फोक्सवॅगन’ म्हणतो ती जर्मनीत ‘फोल्क्सवागन’, आणि बीएमडब्ल्यू ‘बे-एम-व्हे’. चाकणहून जर्मनीला प्रशिक्षणासाठी जाणाऱ्यांना हे पहिल्याच दिवशी लागतं. इंग्रजी बोलणाऱ्या देशांत मात्र ‘बी-एम-डब्ल्यू’च म्हणा, ‘बे-एम-व्हे’ म्हटलं तर शायनिंग वाटेल. पोर्शचा मूळ उच्चार दोन तुकड्यांचा, ‘पोर्-शे’, शेवटचा स्वर अगदी हलका. ब्रिटन-अमेरिकेत ‘पोर्श’ म्हणणारेही भरपूर आहेत. शेंद्र्यात बनणारी स्कोडा मूळ चेक भाषेत ‘श्कोडा’, बाकी जगात ‘स्कोडा’.

फ्रेंच नावांतली शेवटची अक्षरं मुकी. ‘रेनॉल्ट’ नाही, ‘रेनो’. भारतात ‘रेनॉल्ट’ इतकं रुळलंय की ब्रिटनमध्ये पोचल्यावर ते मुद्दाम सोडावं लागतं. पूजो ब्रिटनमध्ये ‘पर्झो’सारखी ऐकू येते, अमेरिकेत या दोन्ही गाड्या नव्या विकतच नाहीत, तेव्हा तिथे प्रश्नच मिटला.

अक्षर आणि गाडी एकत्र आली की जास्त मजा. बीएमडब्ल्यूची झेडफोर अमेरिकेत ‘झी-फोर’. निस्सानची जुनी स्पोर्ट्स कार तिथे ‘थ्री-सेव्हन्टी-झी’. ब्रिटनमध्ये दोन्ही ‘झेड’.

गाडी घेतल्यावर फोनवर नंबर सांगावा लागेल तेव्हा हे कामाला येईल: ब्रिटनच्या २००१ पासूनच्या नंबरप्लेटवर ‘आय’ आणि ‘क्यू’ ही अक्षरं नसतात, आणि ‘झेड’ आला तर शेवटच्या तीन अक्षरांतच येतो. म्हणजे एकासारखं काही दिसलं तर तो आकडाच. उत्तर आयर्लंडच्या प्लेटवर मात्र ‘आय’ किंवा ‘झेड’ असतोच. चेसिसवरच्या १७ अक्षर-आकड्यांच्या व्हीआयएनमध्ये, म्हणजे गाडीच्या ओळख क्रमांकात, आय, ओ, क्यू ही तिन्ही अक्षरं कुठेच वापरत नाहीत, कारण ती एक आणि शून्यासारखी दिसतात.

पायरी ५ : ऑफिस आणि स्वयंपाकघर

ब्रिटनमध्ये ‘शेड्यूल’, अमेरिकेत ‘स्केज्यूल’. कॅनडात दोन्ही. ‘प्रायव्हसी’ ब्रिटनमध्ये बऱ्याचदा ‘प्रिव्हसी’ होते. ‘मोबाइल’ अमेरिकेत ‘मोबल’. ‘डेटा’ ऑस्ट्रेलियात ‘डाटा’.

नेटवर्कवाल्यांसाठी वेगळी सूचना. ‘राउटर’ अमेरिकेत ‘राउटर’, ब्रिटनमध्ये ‘रूटर’, पण ऑस्ट्रेलियात पुन्हा ‘राउटर’च म्हणा. ‘रूट’ हा तिथे शरीरसंबंधासाठीचा ग्राम्य शब्द आहे, आणि भर मीटिंगमध्ये ‘रूटर चालत नाहीये’ म्हटल्यावर उमटणारं हसू तुम्हाला कुणी समजावून सांगणार नाही.

किराणा आणताना: ब्रिटनमध्ये टोमाटो, बॅझिल, हर्ब, ऑरिगानो, व्हिटमिन, अमेरिकेत टोमेटो, बेझिल, अर्ब, ओरेगनो, वायटमिन. अमेरिकेत पाणी मागताना ‘वॉटर’ समजलं नाही तर मधला ‘ट’ मऊ करून ‘वॉडर’ म्हणा, लगेच ग्लास येतो.

अमेरिकेत सगळ्यात धोक्याचा शब्द ‘कॅन्ट’. शेवटचा ‘ट’ ते जवळजवळ गिळतात, आणि ‘कॅन’ व ‘कॅन्ट’ यांतला फरक फक्त जोरावरून कळतो: होकारात ‘कॅन’ पुसट, ‘आय क्न गो’, नकारात ठसठशीत. आपण होकारातही ‘कॅन’वर जोर देतो आणि समोरच्याला नकार ऐकू येतो. यावर उपाय साधा: नकार द्यायचा असेल तेव्हा सरळ ‘कॅनॉट’ म्हणा.

आणि एक गोष्ट परखडपणे सांगायची तर, देशादेशांतल्या फरकांपेक्षा आपल्या काही सवयी जास्त नडतात, कारण त्या कुठल्याच देशात चालत नाहीत. ‘प्लंबर’मधला ‘ब’ मुका, ‘प्लमर’. ‘रिसीट’मधला पी मुका. ‘सॅल्मन’ नाही, ‘सॅमन’. ‘व्हेजिटेबल’मध्ये टेबल नाही, ‘व्हेज्टबल’. ‘कम्फर्टेबल’ही तसंच, ‘कम्फ्टबल’. ‘हॉटेल’ म्हणताना जोर ‘टेल’वर, ‘डेव्हलप’मध्ये मधल्या ‘व्हे’वर. मराठीत शब्दातल्या एका अक्षरावर असा ठरीव जोर नसल्याने आपण सगळी अक्षरं एकाच वजनाने म्हणतो. इंग्रजी कान आधी जोर शोधतो, मग अक्षरं ऐकतो. वेळ कमीच असेल तर बाकी सगळं सोडा आणि रोजच्या कामातल्या वीस शब्दांचा जोर तेवढा तपासून घ्या.

पायरी ६ : गावांची नावं

ही स्पेलिंगवरून कधीच वाचू नका. ब्रिटनमध्ये लेस्टर, ग्लॉस्टर, वुस्टर, भारतीय आयटीवाल्यांची मोठी वस्ती असलेलं गाव ‘रीडिंग’ नव्हे, ‘रेडिंग’, हीथ्रोशेजारचं ‘स्लाउ’, एडिनबर्ग नव्हे, ‘एडिनबरा’. इंग्लंडचं बर्मिंगहॅम ‘बर्मिंगम’, अलाबामातलं मात्र पूर्ण ‘बर्मिंगहॅम’. ह्यूस्टन टेक्सासमध्ये ‘ह्यूस्टन’, पण न्यूयॉर्कमधला त्याच स्पेलिंगचा रस्ता ‘हाउस्टन’. तिथे टॅक्सीवाल्याला ‘ह्यूस्टन’ सांगितलंत तर नवखे म्हणून ओळखले जाल. कॅन्झस आहे तसंच, पण त्याच्या सुरुवातीला ‘ए-आर’ ही अक्षरं जोडलेलं राज्य ‘आर्कन्सॉ’, आणि हा उच्चार त्या राज्याच्या विधिमंडळाने १८८१ मध्ये ठराव करून पक्का केला. कॅलिफोर्नियातलं ‘सॅन होझे’. ऑस्ट्रेलियात ‘मेल्बन’ आणि ‘ब्रिझ्बन’.

पायरी ७ : सराव कसा करावा

ऑनलाइन केंब्रिज शब्दकोशात प्रत्येक शब्दापुढे ब्रिटिश आणि अमेरिकन असे दोन स्पीकर असतात, दोन्ही ऐका. युग्लिश नावाच्या संकेतस्थळावर शब्द टाकला की खऱ्याखुऱ्या व्हिडिओंमध्ये लोक तो कसा म्हणतात ते देशवार ऐकता येतं. गाड्यांची आणि गावांची नावं तिथे तपासणं सगळ्यात सोपं.

फोनची इंग्रजी भाषा निघण्याच्या महिनाभर आधी त्या देशाची करून ठेवा. ऑस्ट्रेलियाला जाणार असाल तर इंग्लिश (ऑस्ट्रेलिया). पुण्यात गाडी चालवताना नकाशातला आवाज सिडनीच्या सुरात वळणं सांगू लागला की घरचे हसतील, पण कान तयार होतो. मग त्याच फोनला टायपिंगऐवजी बोलून मजकूर घ्यायला लावा आणि आपलं नाव, पत्ता, मेल आयडी अक्षराअक्षराने सांगा. त्याने जिथे ‘पी’चा ‘बी’ केला, तिथे माणूसही करणार.

आणि फोनवर ऐकू आलं नाही तर नुसतं ‘सॉरी?’ म्हणू नका. समोरचा तेच वाक्य तितक्याच वेगाने परत म्हणतो. ‘कुड यू स्पेल दॅट फॉर मी?’ किंवा ‘लेट मी रीड दॅट बॅक टू यू’ म्हणा, आणि ऐकलेलं व्हिक्टर-अल्फा-झुलू करत परत वाचा. महत्त्वाचं काही असेल, बँकेचा खाते क्रमांक, डॉक्टरची वेळ, गाडीचा नंबर, तर फोन ठेवण्यापूर्वी ते मेलवर किंवा मेसेजवर पाठवायला सांगा. तसं मागणं तिकडे सगळेच करतात.